छोटा ट्रॅक्टर, भरलेली ट्रॉली आणि वजनाचा हिशेब

चढावर भरलेली ट्रॉली ओढताना छोट्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एका क्षणी एकदम हलकं होतं. इतकं हलकं, की दोन बोटांनी फिरावं. नवख्या माणसाला वाटतं, गाडी किती सहज चाललीय! खरं तर पुढची चाकं त्या वेळी जमीन सोडायच्या बेतात असतात. मला हे पहिल्यांदा अनुभवाला आलं तेव्हा ट्रॉलीत ओलं शेणखत होतं आणि चढही फार मोठा नव्हता. मी डावीकडे वळवलं, पुढची चाकं वळलीही, पण ट्रॅक्टर वळला नाही. वळलेली चाकं मातीवरून सरळ फरफटत गेली. मी रेस कमी केली, ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला, चाकांखाली दगड लावले आणि निम्मं खत तिथेच फावड्याने खाली काढलं.

इंजिनाने तोवर एकदाही कुरकुर केली नव्हती. ताकद भरपूर होती. कमी पडलं होतं ते पुढच्या चाकांवरचं वजन.

छोटा ट्रॅक्टर घेतलेला किंवा घेऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "हा किती ओढेल?" उत्तर म्हणून त्याला एचपीचा आकडा सांगितला जातो. त्या आकड्यावरून ट्रॉली किती भरावी हे ठरवता येत नाही, खत किती आणि कसं पसरेल हे तर नाहीच. वाहून नेणं आणि पसरणं, दोन्ही कामं वजनाच्या हिशेबावर चालतात. तो हिशेब अवघड नाही, फक्त तो कुणी सांगत नाही.

छोटा म्हणजे नेमका केवढा?

साधारण 15 ते 35 एचपीचं इंजिन आणि सातशे किलोपासून दीड टनापर्यंत वजन असलेल्या ट्रॅक्टरला इथे आपण छोटा म्हणू. मोठ्या ट्रॅक्टरला असतं ते बहुतेक सगळं त्यालाही असतं. मागे अवजार उचलणारे हायड्रॉलिकचे तीन दांडे असतात, त्यांना थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. इंजिनाची फिरकी अवजाराला देणारा दांडा असतो, तो पीटीओ. आणि ट्रॉली जोडायला खाली ड्रॉबार असतो.

हे तीन दांडे दिसायला साधे आहेत, पण ट्रॅक्टरच्या इतिहासातली ही फार मोठी सुधारणा आहे. त्याआधी अवजार ट्रॅक्टरमागे नुसतं बांधून ओढलं जायचं. हॅरी फर्ग्युसन या आयरिश संशोधकाने अवजार ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग केला, आणि 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ही रचना आल्यावर ती सगळीकडे पसरली. अवजाराचं वजन आणि जमिनीची ओढ मागच्या चाकांवर दाब म्हणून वापरता आल्यामुळे हलक्या ट्रॅक्टरकडूनही जड काम घेता येऊ लागलं. वजन योग्य चाकावर आणायचं, हे सूत्र तेव्हापासूनचं आहे.

ताकद इंजिनात, पकड टायरखाली

ओल्या, गुळगुळीत फरशीवर उभं राहून एखादा पैलवान जड कपाट ढकलतोय असं समजा. दंडात कितीही जोर असला तरी पाय घसरले की कपाट हलत नाही. ट्रॅक्टरचं तसंच आहे. इंजिनाचा जोर शेवटी टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीतून जातो, आणि ती पकड चाकावर किती वजन आहे यावर ठरते.

आकडे घेऊन बघू. 20 एचपीचा ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरच्या चालीने जात असेल, तर गिअर आणि टायरमधला तोटा वजा जाऊनही इंजिन अंदाजे साडेसहाशे किलोची ओढ देऊ शकतं. आता ट्रॅक्टरचं वजन 900 किलो धरा. त्यातलं साठ टक्के, म्हणजे 540 किलो मागच्या चाकांवर आहे. कोरड्या, बऱ्यापैकी घट्ट मातीवर चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देतं. म्हणजे फक्त मागची चाकं चालत असतील तर हातात येते पावणेतीनशे किलोच्या आसपास. चारही चाकं लावली तर साडेचारशे. इंजिनाचा बाकीचा जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात जातो.

समोर अडवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, चाक लोळायला लागणारा विरोध. कडक रस्त्यावर तो वजनाच्या दोन-तीन टक्के असतो, भुसभुशीत मातीत दहाच्या घरात जातो, चिखलात किंवा सैल वाळूत वीस टक्क्यांच्याही पुढे. दुसरी, चढ. शंभर मीटर जाताना पंधरा मीटर वर चढणारी वाट असेल, तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या पंधरा टक्के ओढ नुसती चढण्यासाठी लागते.

दीड टनाची भरलेली ट्रॉली कडक, सपाट रस्त्यावर हलवायला पंचेचाळीस किलोची ओढ पुरते, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरला काहीच नाही. तीच ट्रॉली भुसभुशीत मातीत दीडशे मागते. त्यावर तो पंधरा टक्क्यांचा चढ आला की आणखी 360. एकूण पाचशेच्या वर. मागच्या दोन चाकांची पकड यापुढे अपुरी, आणि चारही चाकांचीसुद्धा. फसवणूक इथेच होते. रस्त्यावर ट्रॉली अलगद निघाली म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि शेताच्या तोंडाशी असलेल्या छोट्याशा चढावर अडकतो.

पेटी तीच, ओझं तिप्पट

छोट्या ट्रॉलीची पेटी दोन मीटर लांब, 1.2 मीटर रुंद आणि चाळीस सेंटीमीटर उंच धरली, तर तिच्यात जेमतेम एक घनमीटर माल मावतो. काठोकाठ भरलेली पेटी लांबून नेहमी सारखीच दिसते, वजन मात्र सारखं नसतं. चांगलं कुजलेलं, कोरडसर कंपोस्ट असेल तर सहाशे किलोच्या आसपास. ताजं, ओलं शेण जवळपास पाण्याइतकंच जड, म्हणजे नऊशे ते हजार किलो. खडी दीड टनाहून थोडी जास्त. ओली वाळू एकोणीसशे किलोपर्यंत. लाकडाचा भुगा किंवा चिपा असतील तर तीन-चारशे किलोतच पेटी भरून जाते.

वाळू आणि खडी ब्रासने मोजली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ओली वाळू असेल तर ते पाच टनांच्या पुढे गेलं. "एकच ब्रास आहे, दोन फेऱ्यांत होईल" असं म्हणताना आपण छोट्या ट्रॅक्टरवर प्रत्येक फेरीला अडीच टन लादतोय, हे लक्षात येत नाही.

यावर मी केलेला उपाय साधा आहे. ट्रॉलीच्या आतल्या बाजूला रंगाने तीन रेघा मारल्यात: सर्वांत खाली वाळू आणि मुरमाची, त्यावर ओल्या शेणखताची, आणि काठाजवळ कोरड्या कंपोस्टची. भरणारा कुणीही असो, रेघ दिसली की थांबतो. रेघ कुठे मारायची ते ट्रॉली किती किलोची आहे आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ब्रेक नसलेल्या ट्रॉलीसाठी किती वजन सांगितलंय, यावरून काढायचं. पुस्तिका हाताशी नसेल तर ट्रॉली आणि माल मिळून ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, निदान जिथे उतार आहे तिथे तरी. पावसाने भिजलेल्या ढिगासाठी रेघ आणखी खाली धरायची. तोच ढीग, तीच पेटी, पण पाण्याचं वजन वाढलेलं असतं.

गाडी उलार होऊ द्यायची नाही

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातलं जुपणं आवळलं जातं. एका आसाच्या ट्रॉलीचं गणित हुबेहूब हेच. माल आसाच्या मागे गेला की ट्रॉलीचा दांडा वर उचलू पाहतो, ड्रॉबार वर ढकलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी करतो. म्हणजे जिथे पकड हवी नेमकी तिथलीच जाते. म्हणून माल आसाच्या किंचित पुढे जास्त भरायचा, इतका की एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ड्रॉबारवर येईल. त्याहून जास्त आला तर पुढची चाकं हलकी होतात आणि सुरुवातीला सांगितलेली गत होते.

आता ज्याने जीव जातात ते. ट्रॉली, लाकूड, अडकलेलं वाहन, काहीही ओढायचं असेल तर ते ड्रॉबारलाच जोडायचं. मागच्या आसापेक्षा उंच जागी, टॉप लिंकच्या, म्हणजे तीन दांड्यांतल्या वरच्या दांड्याच्या खुंटीला किंवा सीटखालच्या लोखंडाला साखळी अडकवून कधीही ओढायचं नाही. कारण असं: चाकं जमिनीत रुतून अडली आणि इंजिन जोर लावत राहिलं, तर फिरायला फक्त ट्रॅक्टरचं धूडच मोकळं उरतं. ते आसाभोवती फिरतं, नाक आकाशाकडे जातं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढ खालून असेल तर ती नाक खाली धरून ठेवते. वरून असेल तर तीच ओढ त्याला मागे खेचते. परत न फिरण्याच्या टप्प्याला पोचायला पाऊण सेकंद लागतो आणि पूर्ण उलटायला दीड सेकंद. काय होतंय ते कळून क्लचकडे पाय जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

सीटच्या मागे जो उभा लोखंडी कमानीचा दांडा असतो, तो यासाठीच. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट 1959 सालीच सक्तीची केली. ती कमान असेल तर सीट बेल्ट लावायलाच हवा, नाहीतर माणूस कमानीच्या सुरक्षित जागेतून बाहेर फेकला जातो आणि त्याच ट्रॅक्टरखाली सापडतो. फांद्या लागतात म्हणून कमान दुमडून ठेवलेले ट्रॅक्टर मी पाहतो, तेव्हा जीव खालीवर होतो. झाडाखालचं काम झालं की ती उभी करायला एक मिनिट पुरतं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

चढावर वजन जास्त झालं तर ट्रॅक्टर थांबतो, चाक फिरतं, इंजिन धाप टाकतं. म्हणजे आधी सूचना मिळते. उतारावर अशी सूचना मिळत नाही. बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं सगळं वजन थांबवायची जबाबदारी मागच्या दोन टायरखालच्या दोन वीतभर जागेवर येते.

मघाचाच ट्रॅक्टर, मघाचीच ट्रॉली आणि तोच पंधरा टक्के उतार घ्या. फक्त आता पहाटेचं दव पडून गवत ओलं झालंय. 2400 किलोचं एकूण वजन खाली ढकलतंय 360 किलोच्या जोराने. चाकांचा स्वतःचा विरोध त्यातला सव्वाशेच्या आसपास खाऊन टाकतो. उरलेले दोनशे चाळीस ब्रेकने धरायचे. ओल्या गवतावर मागच्या चाकांची पकड मात्र फार तर एकशे साठ. ब्रेक उत्तम आहेत, चाकं पूर्ण थांबलीत, आणि तरी ट्रॅक्टर घसरत खाली चाललाय. असं झालं की ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला तिरकी ढकलते, दोघं कात्रीसारखे मिटतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

म्हणून उतार सुरू होण्याआधी, वरच सपाटीवर, लो गिअर टाकायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. मधे क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की इंजिनाचा रोध सुटतो आणि ट्रॉली मोकळी धावते. दोन ब्रेक पेडल वेगवेगळी असतील तर ती खिटीने एकत्र जोडून घ्यायची, कारण एकाच बाजूचा ब्रेक लागला तर भरल्या ट्रॉलीसह गर्रकन फिरायला होतं. वेग दुप्पट झाला की थांबवायचा जोर चौपट होतो. ताशी दहा आणि ताशी वीस यांत फरक दहाचा दिसतो, पण ब्रेकला तो चौपट लागतो.

"फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग काय चिंता?"

चढताना फोर व्हीलचा फायदा सगळ्यांना माहीत आहे. उतरताना तो त्याहून मोठा आहे आणि फार कमी लोक तो घेतात. फोर व्हील लावलं की मागचा ब्रेक आणि इंजिनाचा रोध शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंतही पोचतो. थांबवायला दोनऐवजी चार टायर मिळतात. उतारावर वजन तसंही पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या चाकांची पकड वाढलेलीच असते. भरल्या ट्रॉलीने उतरायचंय तर फोर व्हील लावूनच उतरावं, चढायला गरज पडली नसली तरी.

पण फोर व्हीलने वजन वाढत नाही. आडव्या उतारावर ट्रॅक्टर कलंडतो तो गुरुत्वमध्यामुळे, आणि तिथे चार चाकांना जोर असून काहीही उपयोग नाही. आडवं जायचंच नाही. शक्यतो सरळ वर, सरळ खाली.

पुढे लोडरची बकेट असेल तर हिशेब आणखी फिरतो. बकेटमध्ये पाव घनमीटरच्या आसपास माल मावतो, ओल्या वाळूने भरली तर चारशे-साडेचारशे किलो. हे सगळं वजन पुढच्या आसाच्याही पुढे लटकलेलं असतं. तराजूसारखं, पुढे पारडं जड झालं की मागचं उचलतं, आणि ब्रेक तर मागेच आहेत. म्हणून लोडरचं काम करताना मागच्या तीन दांड्यांवर जड अवजार किंवा सिमेंटचा ठोकळा लावायचाच. मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हाही चांगला मार्ग आहे: व्हॉल्व्ह वर ठेवून टायर पाऊण भरतात, म्हणजे वर हवेला जागा राहते. पाणी गोठेल इतकी थंडी पडते तिथे मात्र नुसतं पाणी चालत नाही. आणि बकेट चालताना गुडघ्याच्या खाली. ती डोक्यावर धरून वळलं की छोटा ट्रॅक्टर एका खड्ड्यातही पडतो.

पसरणं म्हणजे चौरस मीटरचा हिशेब

माल शेतात पोचला. आता दुसरं काम, आणि मला विचाराल तर जास्त रसाचं.

शेणखत "चार ट्रॉल्या टाकलं" असं आपण म्हणतो. पिकाला ट्रॉल्या कळत नाहीत. त्याच्या मुळापाशी किती किलो पडलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून एक आकडा पाठ करावा: दर चौरस मीटरला एक किलो म्हणजे हेक्टरी दहा टन, म्हणजेच एकरी चार टन. गुंठ्याला शंभर किलो. यावरून उलटसुलट सगळं काढता येतं. ट्रॉलीत पाचशे किलो जात असेल तर एकराला आठ फेऱ्या. यंत्र दीड मीटर पट्टा पसरत असेल तर एक ट्रॉली 333 मीटर चालायला हवी. शंभर मीटरमध्येच रिकामी झाली तर तिथे एकरी तेरा टनांहून जास्त दराने खत पडलंय, आणि शेताचं उरलेलं टोक उपाशी राहणार आहे.

यंत्र नसेल आणि ढीग टाकून फावड्याने विस्कटायचं असेल, तरी हेच गणित. पन्नास किलोचा ढीग पन्नास चौरस मीटरला पुरवायचा. म्हणजे ढिगापासून ढिगापर्यंत सात मीटर, चारही दिशांनी. चालत मोजलं तर साधारण दहा पावलं. हे अंतर आधी चुन्याने खुणा करून ठेवलं तर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अंदाज लावावा लागत नाही.

खत पसरायच्या यंत्राचं अंतरंग सोपं आहे. पेटीच्या तळाशी साखळीवर पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या माल हळूहळू मागे सरकवतात, आणि मागे फिरणारे दातेरी रूळ तो फोडून उडवतात. सुरुवातीच्या यंत्रांत माल पेटीच्या रुंदीइतक्याच पट्ट्यात पडायचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जोसेफ ओपनहाइम या शाळामास्तराने 1899 साली मागे तिरक्या पात्यांचा फिरता दांडा बसवला. पाती तिरकी असल्यामुळे खत दोन्ही बाजूंना फेकलं जाऊ लागलं आणि पट्टा पेटीपेक्षा रुंद झाला. आजची यंत्रं त्याच कल्पनेवर उभी आहेत.

छोट्या ट्रॅक्टरसाठी यंत्र निवडताना एक फरक समजून घ्यायला हवा, कारण चालवण्याची पद्धत त्यावर अवलंबून आहे. काही यंत्रं स्वतःच्या चाकावर चालतात: चाक फिरलं की साखळी फिरते. यात ट्रॅक्टर जोरात न्या किंवा हळू, दर मीटरला पडणारं खत तेवढंच राहतं. सायकलच्या डायनॅमोसारखं, चाक थांबलं की सगळं थांबतं. चिखलात चाक घसरलं तर मात्र खतही पडत नाही. दुसरी यंत्रं पीटीओवर चालतात. पीटीओ इंजिनाच्या ठरलेल्या रेसला मिनिटाला 540 फेरे मारतो आणि साखळी त्याच ठेक्यात सरकते, मग ट्रॅक्टर कुठल्याही गिअरमध्ये असो. इथे गिअर बदलला की दर बदलतो. एक गिअर वर टाकला तर खत पातळ पडतं, खाली टाकला तर दाट. रेस कमी-जास्त करून दर साधायचा प्रयत्न अनेक जण करतात आणि फसतात, कारण रेस कमी केली की चाल आणि साखळी दोन्ही बरोबरच मंदावतात. वर दातेरी रूळही मंदावतो आणि ढेकळं न फुटताच पडतात. रेस ठरलेली ठेवायची, दर गिअरने साधायचा.

आणि 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय काम सुरू करू नये. उपरण्याचं टोक, बाहीचा धागा, सुटे केस त्यात गेले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. साखळीत गोळा अडकला तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मग हात घालायचा.

एका ताडपत्रीची परीक्षा

सगळी गणितं कागदावर. जमिनीवर खरं काय पडतंय ते बघायला एक मीटर लांब-रुंद ताडपत्रीचा तुकडा आणि भाजी तोलायचा काटा एवढंच लागतं. तुकडा आधी तोलून ठेवायचा, ट्रॅक्टरच्या वाटेत टाकायचा, कोपऱ्यांवर माती ठेवायची. ट्रॅक्टर नेहमीच्या गिअरमध्ये, नेहमीच्या रेसने त्यावरून न्यायचा. चाकं तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी जातील असं बघायचं. मग चारी कोपरे उचलून वजन करायचं. हाताला ते वजन कळतं, नाकाला वास येतो, आणि "एकरी चार टन" म्हणजे काय हे डोळ्यांना पहिल्यांदाच दिसतं. एका चौरस मीटरवर एक किलो कुजलेलं खत किती थोडं दिसतं! मधून माती दिसत राहते. म्हणून मी सांगतो, डोळ्यांना पुरेसं दिसेपर्यंत टाकाल तर बऱ्याचदा तिप्पट पडलेलं असेल.

तीन तुकडे वापरले तर आणखी बरं: एक मधे, दोन पट्ट्याच्या कडांना. मधे दाट आणि कडेला विरळ हे बहुतेक यंत्रांचं ठरलेलं असतं. चुना, जिप्सम किंवा दाणेदार खत फिरत्या चकतीने उडवणाऱ्या यंत्रात तर हा फरक फारच असतो. तिथे पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्यापर्यंत चढवायचा, म्हणजे दोन विरळ कडा मिळून एक पुरा थर होतो. बारीक भुकटी जड दाण्याइतकी लांब जात नाही आणि वाऱ्याने भरकटते, म्हणून वारा असेल त्या दिवशी चुना उडवूच नये.

ताजं खत पसरलं असेल तर त्याच दिवशी मातीत मिसळावं. त्यातल्या नत्राचा अमोनियाच्या रूपाने हवेत जाणारा वाटा पहिल्या दिवसातच सर्वाधिक असतो. पसरून आठवडाभर उन्हात ठेवलेल्या खताचा मोठा भाग आपण वाऱ्यालाच घातलेला असतो.

खडी-मुरमाची गोष्ट वेगळी

वाटेवर खडी टाकताना हिशेब जाडीचा असतो. एक घनमीटर खडी पाच सेंटीमीटर जाडीने वीस चौरस मीटर झाकते. दाबल्यावर थर थोडा बसतो, म्हणून जरा जास्तच धरावी. उचलणारी ट्रॉली असेल तर मागचा फाळका पूर्ण न उघडता साखळीने वीतभर फटीवर अडकवून, पेटी उचलत उचलत हळू पुढे जायचं. माल पट्ट्यासारखा पडत जातो आणि नंतर मागच्या ब्लेडने फक्त सपाट करायचं राहतं. एकाच जागी ढीग ओतून तो ब्लेडने लोटत नेण्यात छोट्या ट्रॅक्टरचे हाल होतात.

पेटी उचलताना जमीन सपाटच हवी. ओली माती पेटीच्या वरच्या टोकाला चिकटून राहते, खालचा माल निघून जातो, आणि सगळं उरलेलं वजन उंचावर एका बाजूला लटकतं. अशी ट्रॉली कलंडते. डोक्यावर विजेच्या तारा आहेत का, हे आधी बघावं. आणि उचललेल्या पेटीखाली आधाराचा दांडा न लावता कुणी जाऊ नये, हायड्रॉलिकचा पाइप फुटायला काही कारण लागत नाही.

"एवढ्या फेऱ्यांनी जमीन दबत नाही का?"

दबते. हलका ट्रॅक्टर म्हणून सुटका नाही. टायर मातीच्या वरच्या थरावर साधारण आपल्यातल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. छोट्या ट्रॅक्टरचे रुंद, कमी हवेचे टायर त्या मानाने सौम्य असतात. नुकसान करतात ती ट्रॉलीची अरुंद, टणक हवा भरलेली चाकं, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शेतातून जाताना ट्रॉलीला रुंद चाकं असतील तर फार फरक पडतो.

सगळ्यात जास्त माती पहिल्याच फेरीत दबते. म्हणून दर फेरीला नवी वाट धरण्यापेक्षा येण्याजाण्याची एकच वाट ठरवावी आणि बाकीची जमीन सांभाळावी. आणि ओल बघावी. वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन तो बोटाने ढकलताच फुटला तर जायला हरकत नाही. फुटायऐवजी चेपला गेला तर दोन दिवस थांबा.

"मग मोठाच ट्रॅक्टर का आणू नये?"

लांबून माल आणायचा असेल तर मोठंच वाहन आणावं. पंधरा किलोमीटरवरून वाळू छोट्या ट्रॅक्टरने आणण्यात डिझेल जातं, दिवस जातो आणि रस्त्यावर धोका वाढतो. छोट्याचं खरं काम शेवटच्या दोन-तीनशे मीटरचं: झाडांच्या ओळींमधून, अरुंद फाटकातून, ओल्या जमिनीवरून, जिथे मोठं वाहन वळतच नाही.

म्हणून मोठ्या गाडीने माल कुठे ओतायचा, हे आधी ठरवून ठेवण्यात अर्ध्या कामाची बचत आहे. ढीग शेताच्या मधल्या बांधाजवळ असेल तर फेरीचं सरासरी अंतर एका कोपऱ्यातल्या ढिगापेक्षा निम्म्यावर येतं, आणि आठ फेऱ्या दुपारच्या आत उरकतात. जागा सपाट असावी, भरलेली ट्रॉली जोडून लगेच वळावं लागणार नाही अशी. उताराच्या शेतात शक्य तर ढीग उतारावर मधल्या उंचीला टाकावा आणि पट्टे सरळ वर-खाली मारावेत. खालचा भाग पसरताना ट्रॉली रिकामी होत होत उतरते, पण निघताना ती सर्वांत जड असते, म्हणून पहिल्या पन्नास मीटरसाठी ती निम्मीच भरून निघायचं. ढिगावर ताडपत्री टाकायची, नाहीतर रात्रीच्या एका पावसाने रंगाची रेघ चुकीची ठरते. आणि संध्याकाळी, खत ओलं असतानाच, यंत्राची साखळी पाण्याने धुऊन तेल द्यायचं, कारण सकाळपर्यंत ते पट्ट्यांवर सिमेंटसारखं बसतं आणि पहिल्याच झटक्याला साखळीची कडी तुटते.